उशिरा येणारी शिट्टी

६ फेब्रुवारी

नर्सताईंची गाडी परत बोलावून घेतली. त्या म्हणत होत्या, "अहो दादा, छान पळतेय आता, कशाला?" मागच्या आठवड्यात तिच्या टर्बोचा, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्याचा, फाटका पाइप बदलला होता. त्याआधी पॅडल दाबलं की गाडी विचार करत बसायची आणि मग एकदम उधळायची. ताईंना अडल्यानडल्या बाळंतपणाला कधीही पळावं लागतं. ट्रकला मागे टाकताना गाडी अशी विचारात पडली तर?

पाइप बदलल्यावर हा उशीर जायला हवा होता. पण काल ताई इकडे आल्या तेव्हा मी गाडीची सहज फेरी मारली, तर टर्बोची शिट्टी उशिराच आली. टर्बोच्या आतलं चाक फिरायला लागलं की ती बारीक शिट्टी वाजते. मी आजवर टर्बो तिच्यावरूनच ओळखत आलो. मग ही छान कशी पळेल?

७ फेब्रुवारी

मेहुण्याने लॅपटॉप लावला. गॅरेज आमचं दोघांचं — पाने माझे, लॅपटॉप त्याचा. म्हणाला, "दाजी, हवेचा दाब अगदी वेळेवर चढतोय. हा बघा आलेख. देऊन टाका गाडी."

"आणि शिट्टी?"

"आलेखाला शिट्टी नसते, दाजी!"

हसलो दोघंही. पण घरी येईपर्यंत डोक्यात तेच. दाब वेळेवर आणि शिट्टी उशिरा — असं होईलच कसं? एक तर सेन्सर खोटं बोलतोय, नाही तर... नाही तर काय, तेच सुचत नाही.

गावच्या शाळेत एका खोलीत चार वर्ग बसायचे. तीन वर्गांचा गलका बाजूला सारून आपल्या बाईंचं तेवढं ऐकायचं, अशी सवय कानाला तिथे लागली. पुढे इंजिनाशी तीच कामाला आली. त्या कानावर संशय कसा घेऊ?

८ फेब्रुवारी

मेहुण्याला म्हटलं, व्हॉल्व्हची वेळ बदलून बघू. हवा आत घेणारे व्हॉल्व्ह जरा आधी उघडले, तर धूर बाहेर सोडणारे अजून पुरते मिटलेले नसतात. क्षणभर दोन्ही दारं उघडी! वारा आरपार जातो आणि टर्बोचं चाक लवकर फिरतं. या गाडीत हे लॅपटॉपवरून जमतं, इंजिन उघडावं लागत नाही.

त्याने उघडण्याची वेळ थोडी अलीकडे घेतली. फेरी मारली. शिट्टी होती तिथेच.

"अजून घे."

"दाजी, दारं फार वेळ उघडी राहिली तर उभ्या गाडीचा श्वास अडकेल."

"घे तर खरं."

"घेतो बापडा. पण ताईला सांगा हां, हा नको म्हणत होता म्हणून!" ताई म्हणजे त्याची बहीण, माझी बायको. आमच्या भांडणांचा निवाडा तिच्याकडेच होतो.

९ फेब्रुवारी

देवापुढे बसलो, पण मन व्हॉल्व्हपाशी. हे बरं नव्हे.

११ फेब्रुवारी

वेळ आणखी अलीकडे घेतली. आज शिट्टी किंचित लवकर आली. आली, की यावी म्हणून आल्यासारखी वाटली? सांगता येत नाही. उभी असताना गाडी जराशी थरथरते. मेहुणा बोनेटवर तळहात ठेवून उभा राहिला. मी म्हटलं, चालेल एवढं. गाडी दिली.

१३ फेब्रुवारी

चालणार नव्हतं!

चौकात सिग्नलला उभी असताना गाडी बंद पडली. सिग्नल सुटल्यावर पुन्हा चालू होईना, आणि मागून बस आली. ड्रायव्हरने ब्रेक मारला म्हणून निभावलं. नर्सताई तिथेच गाडी सोडून कुणा अनोळखी बाईच्या स्कूटरवर बसून पुढे गेल्या. बाळ-बाळंतीण सुखरूप. सगळं सांगून झाल्यावर फोनवर म्हणाल्या, "दादा, आधी बरी होती हो." रागाने नाही. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

गाडी ओढून आणली. मेहुण्याने आज डबा एकट्यानेच बाहेर पायरीवर बसून खाल्ला.

१४ फेब्रुवारी

व्हॉल्व्हची वेळ पहिल्यासारखी केली. थरथर गेली. मेहुणा म्हणतो, गाडी चोख आहे. मी पुन्हा फेरी मारली — शिट्टी उशिराच!

नर्सताईंचा फोन. "एवढंच सांगा दादा, बिनघोर नेऊ ना?" म्हटलं, उद्या सांगतो. हो म्हणावं तर कान नको म्हणतो. नको म्हणावं तर कशाच्या जोरावर? मेहुण्याचं खरं मानावं, तर मी इतकी वर्षं ऐकलं ते काय होतं?

देवा, तूच काय ते कळू दे.

१५ फेब्रुवारी

सकाळी शेवटची फेरी. हिला शिंप्याकडे जायचं होतं, म्हणून शेजारी बसली. गल्ली संपून रस्त्याला लागतो न लागतो तोच म्हणाली, "अहो, ही शिट्टी कसली वाजतेय?"

गाडी बाजूला घेतली. "आता वाजतेय?"

"आता कुठे? थांबलात ना. चालवा पुन्हा."

निघालो, अगदी हळू. हिने माझ्या दंडाला हात लावला. "ही काय, लागली वाजायला."

मला फक्त टायरचा आवाज येत होता; शिट्टी ऐकू आली ती बऱ्याच पुढे, नेहमीच्या जागी.

नर्सताईंना फोन केला. म्हटलं, गाडीत काही दोष नाही, घेऊन जा.