चौदा नंबरवरच थांब

चि. हसरीस, थोरल्या बहिणीचे आशीर्वाद (तोंड जेवढं उघडतं तेवढ्यातून दिलेले).

तुझी कंबर आता कशी आहे? नवऱ्याचा खोकला गेला का? इकडे आम्ही खुशाल आहोत. बाबा रोज सकाळी पाऊण तास फिरून येतात आणि आल्यावर दीड तास त्याचं वर्णन करतात, तेव्हा त्यांची काळजी नको. हातात फोन असताना ही बाई पत्र कशाला लिहीत बसली, असं तुला वाटेल. तर मागच्या रविवारी मी फोनवर बोलायला गेले आणि माझ्या प्रत्येक ‘स’ला शिट्टी फुटली, तेव्हा तू जी हसत सुटलीस ती थांबेचना. शेवटी मीच फोन ठेवला. पत्राला शिट्टी नसते, म्हणून हा कागद.

आता खरं ते सांगते. हे दातांचं प्रकरण मी तुझ्यामुळे सुरू केलं. तू कळवलंस की दात सरळ करायला अलाइनर घेतलेत, पारदर्शक प्लास्टिकच्या टोप्या दोन्ही जबड्यांवर चढवायच्या, सव्वीस जोड्या, एकामागून एक, कुणाला कळतसुद्धा नाही. तिसऱ्या दिवशी मी डॉक्टरीणबाईंच्या खुर्चीत आडवी होते. त्यांनी विचारलं, सत्तेचाळिसाव्या वर्षी का वाटलं बरं? मी म्हटलं, चावायला त्रास होतो. (चावायला मला कधीच त्रास झाला नाही. त्रास मला तुझा होत होता.)

रागावू नकोस, पण हिशोब एकदा होऊनच जाऊ दे. आपल्या दोघींचेही दात बाबांच्या वळणावर गेलेले. तू अकरा वर्षांची, मी चौदाची, आणि घरात एकाच मुलीच्या तारेपुरते पैसे. तेव्हाच्या त्या दातांच्या डॉक्टरांनी माझ्याकडे बघून निकाल दिला की मोठीचं चालेल, तिनं तोंड मिटलं की काही दिसत नाही. मी त्या दिवशी तोंड मिटलं ते मिटलंच. दोन वर्षांनी तुझी तार निघाली त्या संध्याकाळी बाबा सगळ्यांना स्टुडिओत घेऊन गेले. तो फोटो आजही बैठकीत आहे. तू बत्तिशी काढून हसतेयस आणि शेजारी मी, ओठांना आतून टीप मारल्यासारखी. आल्यागेल्याला बाबा तो दाखवतात आणि म्हणतात, ही आमची हसरी. मग बोट माझ्यावर येतं आणि म्हणतात, आणि ही मोठी. बस, एवढंच. एकतीस वर्षं मी ‘आणि ही मोठी’ आहे. त्यात तू काय केलंस? तार निघाल्यावर रात्री घालायची पट्टी कपाटात टाकलीस, दात हळूहळू परत आपापल्या जागी गेले, आणि आता दुसऱ्यांदा सरळ करून घेतेयस! मला एकदा मिळेना आणि तुला दोनदा. आंधळा मागतो एक डोळा, तर देव देतो दोन म्हणतात, पण ते दोन्ही शेजारणीला देतो हे कुणी सांगत नाही.

असो. तुला माझं दुकान माहीतच आहे. लोकांचे कपडे घट्ट असले की सैल करायचे, सैल असले की घट्ट, हाच माझा धंदा. टाचण्या ओठांत आणि दोरा दातांनी तोडायचा, हे तीस वर्षांचं वळण. पहिल्याच दिवशी सवयीने दोरा दातात धरून ओढला, तर दोरा शाबूत आणि टोपी बाहेर, गिऱ्हाईकाच्या पायाशी! शिवाय टोप्या धरून ठेवायला दातांवर बारीक पांढरे दाणे चिकटवलेत, त्यांत दोरा अडकतो तो वेगळाच. एकदा तर मी शिलाई यंत्राशी दातांनी बांधलेली बसले होते आणि समोरची बाई मापं सांगत होती. चहाचंही तेच. टोप्या काढा, प्या, दात घासा, परत चढवा. दिवसाला सात चहा पिणारी मी दोनवर आलेय, त्यामुळे माझा स्वभाव कसा झाला असेल याची कल्पना कर.

(स्वभाव आधीपासूनच तसा आहे, असं तू आत्ता म्हणालीस. इथपर्यंत ऐकू आलं.)

तीन नंबरच्या जोडीची कथा तुला सांगितली नव्हती. ती चहाच्या वेळी काढून मी हाताशी असलेल्या खिशात ठेवली. खिसा वकीलसाहेबांच्या काळ्या कोटाचा होता. संध्याकाळी ते कोट घेऊन गेले. मी मात्र कापडाच्या कपट्यांच्या ढिगात बसून पारदर्शक वस्तू शोधत होते, म्हणजे नसलेली वस्तू शोधण्यासारखंच. दुसऱ्या दिवशी साहेबांनी भर कोर्टात चष्म्यासाठी खिशात हात घातला आणि माझा वरचा जबडा टेबलावर काढून ठेवला. न्यायाधीशांनी विचारलं म्हणे, हा पुरावा आहे का? साहेब ती जोडी दोन बोटांत धरून परत द्यायला आले आणि म्हणाले, “ताई, बाह्या आखूड करायला सांगितल्या होत्या. अस्तरात दात नको होते.”

हेही मी गिळलं. पण दर आठवड्याला तुझा फोटो यायचा. ताई, आज दहा. ताई, आज अकरा. तुझे डॉक्टर आठवड्याला जोडी बदलतात, माझ्या बाई पंधरवड्याला. चौदा आठवडे झाले तर तू चौदावर आणि मी सातवर! पोटात असं दुखलं की काय सांगू. आणि ऐंशीचे होतायत बाबा. वाढदिवसाला बरोबर बारा आठवडे उरलेत, त्या दिवशी तोच फोटो, तसाच, पुन्हा काढायचा असं त्यांनी ठरवलंय. मी बोटांवर मोजलं. बारा आठवड्यांनी तू सव्विसावर, काम फत्ते. मग मी कारागिराचं डोकं चालवलं. घाईचं गिऱ्हाईक असलं की मी मधली ट्रायल गाळते आणि एकदम शेवटची घेते, आजवर काही बिघडलेलं नाही. म्हणून सातची जोडी काढली, आठची बाजूला ठेवली आणि नऊची चढवली. बसेना. अंगात घालून वापरलं की कापड सैल होतं, तसं होईल म्हणून दामटली. हिरडीला टोचायला लागली तेव्हा कोपरा थोडा कातरला, माझ्या काजं करायच्या छोट्या कात्रीने.

चौथ्या दिवशी गाल सुजला आणि बाईंकडे जावंच लागलं. दात दाखवून अवलक्षण, दुसरं काय? त्यांनी ती कातरलेली टोपी उजेडात धरली, उलटसुलट करून बघितली आणि म्हणाल्या, “हा कोट नाही हो. इथे माप बदलत नाही, आपण मापात बसायचं असतं.” आणि मला उचलून सहा नंबरवर परत पाठवलं. दहावीतून चौथीत बसवल्यासारखं वाटलं. आता वाढदिवसाला मी जेमतेम बारावर असेन. समोरचा दात अर्धा आत, अर्धा बाहेर, दारात उभं राहून निघतो निघतो म्हणणाऱ्या पाहुण्यासारखा.

बाबांना मात्र फार आनंद झालाय. त्यांची कवळी पेल्यात असते, त्याशेजारी माझी डबी असते, आणि ते म्हणतात, चला, मला सोबत झाली.

बाकी सर्व ठीक. कंबरेला शेक घे. मुलांना पापा. थोडक्यात लिहिलं आहे, समजून घे.

तुझी,
ताई (आणि ही मोठी)

ता. क. पत्र लिहिण्याचं खरं कारण राहिलंच. तू चौदा नंबरवरच थांब. बाराच आठवडे. वाढदिवस झाला की सुसाट जा, मी अडवणार नाही. चौदा आणि बारा, एवढं अंतर मी सहन करीन. सव्वीस आणि बारा नाही होणार माझ्याच्याने. एका फोटोत तरी आपण दोघी सारख्याच वाकड्या असू दे ग.

ता. क. २. वाढदिवसाचा तुझा ड्रेस माझ्याच टेबलावर आहे आणि त्याला अजून बाह्या नाहीत, हे लक्षात असू दे. थांबली नाहीस तर असा शिवीन की त्यात श्वास घेता येईल, हसता येणार नाही.

ता. क. ३. पाकीट चिकटवायच्या आत बाह्या लावून झाल्या. छातीत अर्धा इंच सैल ठेवलाय. तू हसतेस ती अख्ख्या अंगाने हसतेस, आणि ते माप मला तोंडपाठ आहे. तरी चौदावर थांब.