बर्फाचा आकडा

रविवार, ७ जानेवारी २०१८

सकाळी दारापासून रस्त्यापर्यंतचं बर्फ काढलं. पाऊण तास लागला. मग सूप. दुपारी कॉर्लिसकडे गेलो. ऑरिनचे बूट अजून दाराशीच आहेत. ती उचलत नाही, मीही विषय काढला नाही. धाकटा भाऊ आधी जातो तेव्हा त्याच्या बायकोशी काय बोलायचं, हे मला अजून जमलेलं नाही.

उद्या तीस दिवस होतील.

तळघरातली मंडळी आली होती — जोलीन, रॉयस, वेंडल. एकोणीस वर्षं दर रविवारी दुपारी ऑरिनच्या टेबलाभोवती बसून फाशांचा खेळ खेळणारी ही माणसं. त्यांची आडनावं मला दफनाच्या दिवशी कळली. जोलीन शाळेची बस चालवते. रॉयस चीजच्या कारखान्यात आहे. वेंडलचा छापखाना होता, तो विकला. आता नुसते नकाशे काढतो, तेही नसलेल्या देशांचे.

त्यांचा खेळ अर्धा राहिलाय. एक मोठी घंटा डोंगरावरच्या गावात पोचवायची आहे. खेळ चालवणारा गेला, तर आता मी चालवावा म्हणतात. मी म्हणालो, मी आयुष्यात एकही दिवस खेळलेलो नाही.

"पण आकडे तर तूच द्यायचास ना?" जोलीन म्हणाली.

हे त्यांना माहीत होतं, हे मला माहीत नव्हतं. विचार करून सांगतो म्हणालो.

सोमवार, ८ जानेवारी

लिहून टाकतो, म्हणजे डोक्यात फिरत राहणार नाही.

खेळ असा — ऑरिन गोष्ट सांगतो. बाकीच्यांनी एकेक पात्र घेतलेलं असतं. वाटेत काय लागलं ते तो सांगतो, आपलं पात्र काय करतं ते बाकीचे सांगतात. जिथे धोका असेल तिथे वीस बाजूंचा फासा टाकायचा. प्रत्येक धोक्याला एक आकडा असतो. तेवढा किंवा जास्त पडला तर सुटलात. कमी पडला तर पडलात. आकडा खेळ चालवणाऱ्याने आधी ठरवून ठेवायचा. चार म्हणजे सोपं. दहा म्हणजे बेताचं. सतरा म्हणजे देवाचं नाव घ्या.

ते ठरवायला तो दर गुरुवारी मला फोन करायचा. साडेसहाला, माझं जेवण चाललेलं असताना. "दोरांचा पूल. फळ्या कुजलेल्या. वारा आहे. माणसाच्या पाठीवर पिठाचं पोतं. बोल." मी काउंटीच्या रस्ते खात्यात चौतीस वर्षं काढली. पूल, उतार, कठडे. मी आकडा सांगायचो. तो "बरं" म्हणायचा. मग हवा, आईच्या थडग्यावरचं गवत, रविवारी फुटबॉलमध्ये कोण हरलं. चार मिनिटं. त्याखेरीज आमचं विशेष बोलणं नव्हतं.

गुरुवार, ७ डिसेंबर. तो म्हणाला, "तळ्यावर बर्फ धरलंय. चार दिवसांची थंडी. एक माणूस, मागे ओढगाडी. पलीकडच्या काठापर्यंत. किती?"

मी मांस कापत होतो. चार म्हणालो.

"चार. बरं."

शनिवारी सकाळी तो मासेमारीचं सामान ओढगाडीवर घालून तळ्यावर गेला. जेवायला येतो, असं कॉर्लिसला सांगून. काठापासून फार दूरही गेला नव्हता. बर्फ फुटलं.

चार म्हणजे काय, तर एक, दोन किंवा तीन पडले की माणूस पाण्यात. विसात तीन. खेळात ह्याला सोपं म्हणतात. पूल असता, आणि वीस गाड्यांतल्या तीन खाली जाणार हे मला कळलं असतं, तर दोन्ही टोकांना अडथळे लावून तो मी त्याच दुपारी बंद केला असता.

तो खेळातलं विचारत होता, की स्वतःचं? एवढंच मला कळायला हवं. खेळातलं असेल तर त्याच्या कागदांत कुठेतरी बर्फ असणार.

कॉर्लिसला फोन करून हो सांगितलं. कारण सांगितलं नाही.

गुरुवार, ११ जानेवारी

साडेसहा वाजले. जेवण झालं.

शनिवार, १३ जानेवारी

कॉर्लिसने पत्र्याचा डबा दिला. एका धोक्याला एक कार्ड, अशी तेवीस कार्डं. सगळी दोनदा वाचली.

प्रत्येकावर वर शाईने माझा आकडा. शेजारी 'हॅल' असं लिहिलेलं. आणि खाली पेन्सिलीने दुसरा. हा दुसरा नेहमी कमी. दोरांचा पूल — मी तेरा, तो नऊ. दरड — मी पंधरा, तो अकरा. पाणी भरलेला बोगदा — मी सोळा, तो दहा. मधमाश्यासुद्धा! मी आठ, तो पाच. डब्याच्या तळाशी जुन्या खेळांच्या गड्ड्या होत्या, रबर लावलेल्या. त्या उघडल्या. तिथेही तेच. एकोणीस वर्षं एकही आकडा त्याने जसाच्या तसा ठेवलेला नाही.

मग फोन कशाला करत होता?

बर्फ कुठेच नाही. आग आहे, विहीर आहे, दलदल आहे. बर्फ नाही.

खरं तर आता नाही म्हणायला हरकत नव्हती. पण शब्द दिला आहे. आणि कार्डावर नसलं तरी तो ह्या लोकांशी काही बोललाही असेल.

रविवार, १४ जानेवारी

पहिला खेळ. वाईट झाला.

मी ठरवून गेलो होतो की माझेच आकडे वापरायचे. मोजून दिलेले आकडे आहेत, ते खोडायचं कारण काय? पहिलाच धोका दोरांचा पूल. तेरा. तिघांनाही फासा टाकायला सांगितलं, कारण पुलावरून तिघंही जाणार. जोलीनची चोरटी बाई पलीकडे पोचली. वेंडलचा पुजारी एका हाताने दोराला लोंबकळत राहिला. रॉयसचा लोहार नदीत पडून वाहून गेला. घंटा अलीकडच्याच काठावर. चाळीस मिनिटांत सगळं ठप्प.

रॉयस हा लोहार अकरा वर्षं खेळतोय. त्याने समोरच्या कागदाची चार वेळा घडी घातली आणि खिशात ठेवला.

"इंजिनियरसाहेब," वेंडल म्हणाला, "तुमच्या पुलांवरून कधी कुणी पलीकडे पोचलंय का?"

मी म्हणालो, आकडा बरोबर आहे.

"आकडा बरोबर आहे रे बाबा," जोलीन म्हणाली. "पण तिघांना कशाला टाकायला लावलास?"

मग तिने सांगितलं. ऑरिन असं करायचा नाही. तो आधी विचारायचा — पुढे कोण जाणार? जो पुढे जाईल त्याने एकदाच टाकायचा, बाकीच्यांनी त्याचा दोर धरायचा. सगळ्यांना टाकायला लावलं तर कुणीतरी पडणारच. नवीन लोक सगळे हीच चूक करतात, असं ती समजूत घातल्यासारखं म्हणाली.

कॉर्लिसने बटाट्याचं वाफाळतं पातेलं खाली आणून ठेवलं. जेवून सगळे गेले.

घरी येऊन हिशेब केला. तेरा आकड्याला एकजण सुटण्याची शक्यता विसात आठ. तिघंही सुटण्याची सोळात एक. कागदावर तीन ओळींचं गणित. चौतीस वर्षं दुसरं काही केलं नाही, आणि टेबलावर ते सुचलं नाही.

मंगळवार, १६ जानेवारी

रॉयसचा लोहार मेला की नाही, हे म्हणे मी ठरवायचं आहे. जोलीनने बसथांब्यावरून फोन करून सांगितलं. मागे पोरांचा गोंगाट. मी विचारलं, ऑरिनने काय केलं असतं? ती म्हणाली, ते मला विचारू नकोस, मला बस चालवायची आहे.

रविवार, २१ जानेवारी

लोहार खालच्या बाजूला एका झाडाच्या मुळांत अडकलेला निघाला. जिवंत आहे की नाही ते दिसत नाही. मी विचारलं, पाण्यात कोण उतरणार?

जोलीन म्हणाली, मी. तिची चोरटी बाई उतरली. मी दहा ठेवला होता. वेंडलने तिचा दोर धरला — खेळात. पण हातही तसाच धरून बसला होता. तिने चौदा टाकला.

रॉयस वर पाणी प्यायला गेला तो बराच वेळ आला नाही. आला तेव्हा खिशातला कागद काढून त्याने टेबलावर सरळ केला.

बोगद्याला मी ऑरिनचा दहा घेतला, माझा सोळा नाही. चुकल्यासारखं वाटलं. पण पोचले.

सामान आवरताना वेंडलला कार्डांवरच्या दोन आकड्यांबद्दल विचारलं. तो हसला.

"आम्ही दर वेळी विचारायचो, हॅल किती म्हणाला? त्याशिवाय मजाच नाही. हॅलचा आकडा म्हणजे खरं जग. त्यातून चार वजा केले की रविवार."

बर्फाचं विचारायचं होतं. जिन्यापर्यंत तोंडात होतं. विचारलं नाही.

रविवार, २८ जानेवारी

दरड पार झाली. दलदल पार झाली. वेंडलचा पुजारी घंटेच्या आत बसून झोपला, ह्यावर तिघं दहा मिनिटं हसत होते. मलाही थोडं हसू आलं.

आजही विचारलं नाही.

शुक्रवार, २ फेब्रुवारी

तळ्याच्या काठाने गाडी नेली. आता बर्फ वीस इंच आहे. वर ट्रक उभे, मासेमारीच्या खोपट्या, कुणीतरी शेगडी पेटवलेली. खोपट्या मोजल्या. एकतीस.

ह्या तळ्यावर मी कधी पाऊल टाकलेलं नाही. मासेमारी ऑरिनची. मला थंडीत बसवत नाही.

गाडीतून उतरलो नाही.

रविवार, ४ फेब्रुवारी

घंटा पोचली. शेवटच्या चढाला लोहार पुढे गेला. आकडा अकरा, त्याने अकराच टाकला. वेंडलने घरून जेवणाची घंटी आणली होती, ती वाजवली. कॉर्लिस जिन्यावर येऊन उभी राहिली आणि परत वर गेली.

मग कुणालाच उठवेना. जोलीन म्हणाली, पुढचा खेळ कधी? मी म्हणालो, कार्डं संपली. ह्या डब्यात पुढचं काही नाही.

आणि मग विचारलं. टेबलाकडे बघतच.

"ऑरिन पुढचं काही बोलला होता का? बर्फावरून जायचं असं काही? तळं, ओढगाडी?"

"पुढच्या खेळाची गड्डी माझ्याकडे आहे," वेंडल म्हणाला. "नकाशा काढायला देऊन गेला होता. तो शुक्रवारी."

तो शुक्रवार म्हणजे ऑरिन गेला त्याचा आदला दिवस.

"त्यात बर्फ आहे?"

"मी पाकीट उघडलेलं नाही, हॅल. उघडवेना."

"मला सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलं नाहीस."

खरं आहे. आठ आठवडे झाले. ज्याच्याकडे होतं त्याच्या शेजारी चार रविवार बसलो आणि विचारलं नाही. उद्या आणून देतो म्हणाला. बाकीचे दोघे माझ्याकडे बघत होते. त्यांना काय कळलं असेल, माहीत नाही. रॉयसने माझा कोट आणून दिला.

सोमवार, ५ फेब्रुवारी

वेंडल चारला आला. पाकीट दारातच दिलं, आत ये म्हणालो तर आला नाही.

अकरा कार्डं. नववं — गोठलेलं तळं. एक माणूस, ओढगाडी, पलीकडचा काठ.

म्हणजे खेळातलंच होतं.

वर शाईने माझा आकडा, चार. खाली पेन्सिलीने सतरा.

पुन्हा पाहिलं. सतराच. एकोणीस वर्षांत त्याने चढवलेला हा एकच आकडा. त्याखाली बारीक अक्षरात — 'काठापाशी झरे. बर्फ पांढरं आहे, म्हणजे कच्चं. हॅलला तळं माहीत नाही.'

हे शुक्रवारी पाकीट देण्याआधीचं. शनिवारी सकाळी तो गेला.

माझ्या आकड्यावर विसंबून गेला नाही. त्याला माहीत होतं.

उद्या कचऱ्याची गाडी येते. कचऱ्याचा डबा रस्त्याच्या कडेला नेऊन ठेवला आणि आत आलो.