झेड-के-झेड

३ मार्च १९८७, मंगळवार
एल्वाच्या शिवणाच्या पेटीत पोस्टकार्डं सापडली. एकशे सात! सगळी मला ओळखीची. एकेक करून स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी असायची. वर नुसती निरर्थक अक्षरं. खाली सही नाही. मी विचारलं की म्हणायची, "कोड्यांची हौस असलेल्या बायकांचं मंडळ आहे आमचं. तुला नाही जमायचं!"

हिवाळ्यात वारली बायको माझी. आता मंडळाला कळवायला हवं. पण कळवू कुणाला?

५ मार्च
टपालवाल्या हॉलिसला कार्डं दाखवली. हसला लेकाचा.

"मर्ल, ही मी सगळी वाचलीत. अख्ख्या गावात तूच एकटा राहिलास."

"मग सांग ना, काय लिहिलंय?"

"दुसऱ्याची डाक मी सांगत नसतो. वाचायची कशी, ते मात्र शिकवीन."

कुंपणाला टेकून शिकवलं. प्रत्येक अक्षराच्या जागी दुसरं अक्षर, आणि ते कायम तेच. कुठलं अक्षर किती वेळा आलं ते मोज. सगळ्यांत जास्त असेल ते बहुतेक ई. एकटं उभं असलेलं अक्षर ए, नाहीतर आय. तीन अक्षरी शब्द सारखा सारखा आला, तर आधी टी-एच-ई, म्हणजे 'द', घालून बघ.

जाताना म्हणाला, "घाई करू नकोस. आणि बसून वाच."

बसूनच का?

६ मार्च
व्ही सगळ्यांत जास्त. म्हणजे व्ही हा ई. क्यू-एम-व्ही जागोजागी. म्हणजे 'द'! टी मिळाला, एच मिळाला. चाळीस वर्षं बोटी बांधल्या, पण पेन्सिल धरून हात एवढा कधी दुखला नव्हता.

७ मार्च, शनिवार
एकटं अक्षर के. आधी आय धरला. सगळं फिसकटलं. खोडलं. ए धरला.

प्रत्येक कार्डाच्या शेवटच्या ओळीत एक शब्द आहे. झेड-के-झेड. मधे ए. पहिलं आणि शेवटचं अक्षर सारखंच. 'डॅड'!

पेन्सिल खाली ठेवली. धक्क्यावर जाऊन आलो. बीन्स करपल्या.

८ मार्च
कोरिनची कार्डं आहेत. माझ्या पोरीची.

अकरा वर्षांपूर्वी नर्सिंगचं शिक्षण अर्धवट टाकून त्या फिडल वाजवणाऱ्याबरोबर व्हरमाँटला निघून गेली. तेव्हा मीच ओरडलो होतो, "या घरात तिचं पत्रसुद्धा यायला नको!" एल्वा भांडी घासत राहिली. मला वाटलं, ऐकलं तिने माझं!

११ मार्च
चाळीस कार्डं झाली. प्रत्येकाचा शेवट तोच, 'डॅड'बद्दल. डॅडचा गुडघा कसा आहे? डॅडनी सिगारेट सोडली का? डॅड यंदा तरी टोपी घालतात का बाहेर पडताना?

आता आठवतं. कार्ड आलं की एल्वा सहज विचारल्यासारखं विचारायची, "गुडघा कसा आहे रे आज?" मी खेकसायचो, "आहे तसाच!"

१२ मार्च
कोरिनला मुलगी आहे. आठ वर्षांची. टेस नाव. "हनुवटी थेट डॅडची, हट्टही तोच."

मला नात आहे आणि हॉलिसला ते आठ वर्षं माहीत आहे!

१३ मार्च
त्याला फाटकातच गाठलं. "एक शब्द बोलला नाहीस?"

"एल्वाने वचन घेतलं होतं. बायबलवर नाही, तिने भाजलेल्या ब्ल्यूबेरी-पायवर. ते मोडायची छाती नव्हती माझी." मग हळूच म्हणाला, "अंत्यविधीला आली होती कोरिन. मागच्या बाकावर."

माहीत होतं मला. मी मान वळवली नव्हती. हे इथे पहिल्यांदाच लिहितोय.

१६ मार्च, सोमवार
तीन दिवस एकच कार्ड लिहितोय. साध्या अक्षरांत लिहायला बसलो की हात थांबतो. त्यांच्या लिपीत जमलं. एकेक अक्षर शोधून ठेवावं लागतं, त्यामुळे फुशारकीला जागाच उरत नाही. 'आई गेल्यावर तुझ्याकडे पाहिलं नाही. मी चुकलो. तेव्हाही चुकलो होतो. सॉरी. गुडघा बरा आहे. डॅड.'

हॉलिसने तिथेच उभ्या उभ्या वाचलं. "'सॉरी'त आर दोनदा येतो, मर्ल."

"आण इकडे."

"राहू दे. तिला तुझं स्पेलिंग माहीत आहे." पत्ता त्यानेच घातला. नाक पुसत निघाला, वर म्हणतो वारा फार आहे.

२१ मार्च
काही नाही.

२५ मार्च
काही नाही. हॉलिस आता लांबूनच मान हलवतो, म्हणजे मला फाटकापर्यंत चालत जावं लागू नये.

३० मार्च
शेवटची कार्डंही संपली. आता वाचायलाही काही उरलं नाही. तिने का उत्तर द्यावं? अकरा वर्षं विचारत होती, तेव्हा मी कुठे होतो!

२ एप्रिल, गुरुवार
हॉलिस पळत आला! पासष्टाव्या वर्षी!

कार्ड. पण अक्षर कोरिनचं नाही. मोठाली, वाकडी, ओळीबाहेर गेलेली. सोडवायला सात मिनिटं लागली:

'आजोबा, आम्ही शनिवारी येतोय. आईला तुम्हाला न सांगता यायचंय. तेव्हा दचकल्यासारखं करा. टेस.'