पावडरीच्या डब्याची पट्टी

प्रिय शेंडेफळा,

तू घर बदललंस तेव्हापासून फोनवर नुसतं 'बरं आहे, बरं आहे' चालतं, म्हणून आज लिहायलाच बसले. दुकान ठीक चाललंय. बाबा सकाळी येतात, खुर्चीत बसतात, पण पान्याला हात लावत नाहीत. त्यांची सायकल चोरीला गेल्यापासून हे असंच. आपणच कुलूप लावायला विसरलो, असल्या विसरभोळ्या माणसाच्या हाती लोकांनी सायकली कशाला द्याव्यात, हे त्यांचं पालुपद.

परवा ते डॉक्टरांकडे गेले असताना एक शिक्षिका सायकल घेऊन आल्या. नवाकोरा निळा रंग. चेन मोठ्या चक्रावर घेतली की तिला चक्रावरून चक्रावर सरकवणाऱ्या पुढच्या डिरेलरला घासून करकर करायची. बाई अगदी कावून गेल्या होत्या. मी आधी स्क्रू फिरवून पाहिला, तर इकडचं घासणं थांबलं की तिकडचं सुरू. डिरेलरच तिरका बसला होता. बाबांचं म्हणणं आठवतं ना, आधी बैठक सरळ करा, मग स्क्रूला हात लावा? तुझं कायम उलटं. केबल सोडली, पट्टा सैल केला, तर आतून पत्र्याची पट्टी हातात आली. डिरेलरचा पट्टा नळीवर सैल बसतो म्हणून बाबांनी स्वतःच्या सायकलीला घातलेली तीच, गुलाबी फुलांची, आईच्या पावडरीच्या डब्यातून कापलेली. डबा अर्धा भरलेला होता, म्हणून आईने त्यांच्याशी अबोला धरला होता. रंगवणाऱ्याने ती परत घातली, पण वाकडी.

मी बाईंना जरा तिखटच विचारलं, कुठून आणलीत म्हणून. त्या बिचाऱ्या गोंधळल्या. घर बदलतोय, अडचण होते, असं सांगून एका हसतमुख माणसाने विकली म्हणाल्या. बोलताना सारखा कानाची पाळी ओढत होता, थेट तुझ्यासारखी. कुलूपही दिलं त्याने, दोन्ही किल्ल्यांसकट, म्हणजे घरात ठेवलेली जास्तीचीही.

सायकल विकलीस याचं मला काही नाही रे. मागितली असतीस तर बाबांनी पुसून, तेल घालून दिली असती. पण त्या संध्याकाळी ते रडवेले होऊन गल्ली न् गल्ली धुंडाळत होते, आणि तू बॅटरी घेऊन त्यांच्या बरोबर फिरलास. परतल्यावर त्यांच्या पाठीवर हात ठेवून म्हणालास, वय झालं बाबा, होतं असं. केसाने गळा कापलास की रे! मीही तुझं ऐकून त्यांना विसरभोळे समजले, याचा राग तर गिळताच येत नाही.

डिरेलर सरळ बसवला, पट्टी जागच्या जागी ठेवली, करकर थांबली. सायकल बाई घेऊन गेल्या. बाबांना मी यातलं काहीही सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. पण काल त्यांनी दुकानाची किल्ली माझ्या हातात ठेवली, 'माझ्याकडून हरवेल' म्हणाले. म्हणून हे पत्र. ये, त्यांच्यासमोर बस, आणि सांग की त्या दिवशी त्यांनी कुलूप लावलं होतं.

तुझीच, इलाज नाही म्हणून,
ताई