अण्णांच्या वाटचा नारळ

हावडा, रविवार

प्रिय अण्णा,

नमस्कार. फोनवर तुम्ही नुसतं "हो, हो" म्हणता, म्हणून लिहितेय. कानाचं मशीन लावता ना? शकुनआत्याने जेवायला हाक मारलेली कळते का?

मी मजेत आहे. कारखान्यात एका जीपचं जुनं इंजिन नव्याने बांधलं. मालक दत्तबाबूंना इंजिनात हवा नेणारे मॅनिफोल्डचे पाइप आखूड हवे होते, म्हणजे इंजिन जोरात फिरताना ताकद जास्त. पण ही जीप चहाच्या मळ्यात माल घेऊन चढ चढणार, तिथे ती जोरात फिरणार कधी? मी लांब पाइपांवर अडून बसले. जोरात फिरतानाची ताकद थोडी गेली, पण हळू चालताना ओढायचा टॉर्क चांगला मिळाला. काल माल भरून पुलाच्या चढावर नेली, कुरकुर न करता चढली. मी सवयीने मागे वळून पाहिलं, तुम्ही डोळे मिटून ऐकत बसला असाल म्हणून.

जेवण बरं मिळतं. मराठी बोलायला कोणी नाही, मग इंजिनाशीच बोलते.

इंजिन बांधणाऱ्याने नारळ फोडायचा नाही, दुसऱ्याने फोडायचा, हा आपल्या गॅरेजचा नियम. माझ्या इंजिनांचा तुम्हीच फोडायचात. दत्तबाबू "मी फोडतो" म्हणाले, मी "राहू दे" म्हटलं.

नारळ खोलीवर आणून ठेवलाय. थंडीत या. पाणी आहे अजून त्यात. ऐकू आलं नाही तरी हलवून बघा, हाताला कळेल.

तुमची,
आभा