आरशावरची ओढणी

हैफा, शुक्रवार

प्रिय आरोनदादा,

शालोम. पेणच्या घरी सगळे जपून असाल.

बाबा गेल्यापासून तू फोनवर रोज विचारतोस, "जेवलीस काय गो?" जेवते. झोपही लागते. रडू मात्र अजून आलं नाय. हे फोनवर सांगता येईना, म्हणून लिहिते.

दुखवट्याचे सात दिवस आपल्या रीतीने घरातले आरसे झाकून बसले. काल दुखवट्यातून उठले आणि शहरातल्या एका छोट्या कॉफीच्या दुकानात गेले. भिंतीवर मोठा आरसा होता. मी सरळ जाऊन त्याच्यावर माझी ओढणी टाकली. दुखवटा संपलाय, आपण दुकानात आहोत, काहीच ध्यानात आलं नाय.

म्हातारी मालकीण उठून आली. ओढणीचं एक टोक घसरत होतं, ते तिने नीट वर खोचलं आणि माझ्यापुढे कॉफी ठेवली.

कॉफी चांगली होती. शीरावहिनीला सांग, मी बाहेर पडले, म्हणजे तिची काळजी मिटेल.

ओढणी तिथेच राहिलीय. आणायला गेले नाय.

पाठच्या दाराशी बाबांचा दाढीचा आरसा आहे ना, त्याच्यावरचं कापड काढलंस का रे? काढलं नसशील तर मी येईपर्यंत काढू नको.

तुझी,
नाओमी