पासवर ताई बसत नाही

चुडावा, ५ जानेवारी २०२६

ती. सौ. कमलताईस,
बन्सीधरचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

फोनवर मला अर्धंच ऐकू येतं आणि तू ओरडलीस की अख्ख्या बोरीला कळतं, म्हणून पत्र. रामेश्वरचं नक्की झालं. पूर्णेहून थेट गाडी आहे, आठवड्यातून एकदा, समुद्रावरच्या पुलावरून जाते. पासही हातात आला. अडचण एवढीच, की रिटायर रेल्वेवाल्याच्या पासवर तो आणि त्याची बायको बसतात. लग्न झालेली बहीण बसत नाही.

माझं तिकीट काढ, असं म्हणू नकोस. जन्मभर गाड्यांना झेंडी दाखवली, पण तिकिटाच्या खिडकीत कधी हात घातला नाही. तेव्हा उपाय असा. राजेश्रीचे गुडघे दुखायलेत, ती घरी राहील. तू तिच्या नावावर चल. पदर पुढे ओढून बस, टीसी आजकाल लेकरांच्या वयाचे, तोंडाकडे कोण बघतंय? दाजींना एवढ्यात सांगू नकोस. लोभ या पत्रानंतरही राहू दे.

तुझा, बन्सीधर

बोरी, ११ जानेवारी

चि. बन्सीधर यास अनेक आशीर्वाद (खरं तर द्यायचं मनात नव्हतं).

पत्र तुझ्या दाजींच्याच हाती पडलं. त्यांनी ते ओट्यावर बसून मोठ्यानं वाचलं आणि आता मला बन्सीधरच्या सौभाग्यवती म्हणून चहा मागतात. गाढवा, रामेश्वरला पाप धुवायला जातात की जाता जाता नवं करतात? मी तुझ्याहून आठ वर्षांनी मोठी. टीसी पोरगा असला तरी आंधळा नसेल. ही बायको की आई, असं विचारील. राजेश्रीला फोन केला, तर म्हणाली, माझे गुडघे ठणठणीत हायेत, यांच्या डोक्याचं बघा.

थट्टा पुरे. तुझ्या नोकरीची ऑर्डर आली तेव्हा तूच म्हणालास, ताई, तुला रेल्वेत बसवून समुद्र दाखवतो. मी अजून वाट बघते आहे. तुझे दाजी म्हणतात, समुद्र म्हणजे मोठं येलदरी, धरण बघून ये. पण मला समुद्रच बघायचाय आणि तुझ्यासंगं बघायचाय. डॉक्टर म्हणतात, उजवा डोळा गेल्यात जमा, डाव्याचाही भरवसा नाही. पुढच्या वर्षी म्हणू नकोस. तिघांची साधी तिकिटं काढ. तिळगूळ पाठवते. लोभ पासाएवढा तरी असावा.

ताई

चुडावा, १८ जानेवारी

ती. ताईस शि. सा. नमस्कार.

तिळगूळ पोचला, शिव्याही पोचल्या. पण तिकीट जमणार नाही. खरं सांगू? नोकरी गेली, झेंडी गेली, कानही त्या गाड्यांनीच नेले. एक पास उरलाय. तो खिशात असून रांगेत उभा राहिलो, तर मी कोण राहिलो? या वेळी मी आणि राजेश्री जाऊन येतो. तुझ्यासाठी समुद्राचा व्हिडिओ काढून आणतो. राग नसावा, लोभ असावा.

बन्सीधर

चुडावा, तुझ्याच स्वयंपाकघरातून, २ फेब्रुवारी

चि. बन्सीधर यास,

व्हिडिओ तुझ्या पेन्शनरांना दाखव. तू परभणीला त्यांच्या मेळाव्यात हार घालून घेतोयस, तोवर मी आणि राजेश्री तुझ्या गाडीच्या आदल्या आठवड्याच्या गाडीनं निघालो. तिकिटं मैथिलीनं काढून दिली. तुझी लेक आहे, पण डोकं आईचं आहे. टोपल्यात भाकरी आहेत, ठेचा फडताळात. लॉजचा पत्ता मागे लिहिलाय. पासवर आता तू एकटाच ऐसपैस बस. आशीर्वाद आहेतच.

ताई

रामेश्वर, ८ फेब्रुवारी

ती. माणिकराव दाजींस,
बन्सीधरचा सा. नमस्कार. वि. वि.

तुमच्या कुटुंबानं माझं कुटुंब पळवलं आणि ते तुम्हाला ठाऊक होतं. मेळाव्याला जाच असा आग्रह तुम्ही धरलात, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

पुढच्या आठवड्याच्या गाडीपर्यंत दम निघेना. पास त्या थेट गाडीच्याच मार्गाचा, तो मार्ग बदलायला गेलो, तर आधी अर्ज, अर्जावर साहेबांची सही, आणि साहेब रजेवर. मग पूर्णेच्या खिडकीवर रांगेत उभा राहिलो. आतल्या बाबूनं ओळखलं. काका, तुमी इकडं कसे, म्हणाला. मी मान खाली घालून सिकंदराबादचं एक मागितलं. पुढे चेन्नईचं एक, तिथून इथलं एक. जनरल डब्यात मला कुणी ओळखलं नाही आणि त्यानं काही बिघडलंही नाही.

लॉजवर आलो तर राजेश्री वैतागलेली. ताईनं पूल आला तसा डोळ्यांवर पदर घेतला, तो इथे येईपर्यंत काढला नाही. खोलीची खिडकी लावून भिंतीकडे तोंड करून बसली. राजेश्री रोज किनाऱ्यावर जाऊन यायची, ताई हलायची नाही. विचारलं की म्हणायची, बन्सी येऊ दे. तो कशाला येतोय, म्हटलं की म्हणायची, गाढव हाय, पर येतंय.

मी तिला हाताला धरून नेलं. पाण्याशी गेल्यावर तिनं डोळे उघडले. बराच वेळ एक डोळा झाकून बघत होती. मग म्हणाली, त्यास्नी कळव, येलदरीपेक्षा लय मोठं हाय. मला रडू आलं दाजी, लपवत नाही.

परतीची तिकिटं आज मीच काढली, तिघांची. खिडकीतल्या बाईंना फक्त नावं आणि वयं हवी होती. नातं त्यांनी विचारलं नाही, मराठी तर त्यांना येतच नव्हतं. तरी ताईचं नाव आलं तेव्हा मी मोठ्यानं सांगितलं, की ही माझी थोरली बहीण.

येताना वाळू आणतोय, ताईचा हट्ट. लोभ करता, तसाच करत राहावा.

आपला, बन्सीधर